वीज सूर्याची, कचरा कोणाचा?

रेडिओ लावून भाकरी थापणाऱ्या, गोठ्यात धार काढणाऱ्या, शिलाई मशीनवर बसलेल्या सगळ्या जणींना आम्हा बचत गटाच्या बायकांचा नमस्कार.

आज आपण सौरऊर्जेच्या प्रकल्पाबद्दल बोलणार आहोत, पण विजेबद्दल कमी आणि कचऱ्याबद्दल जास्त. प्रकल्प उभा राहताना काही महिने काम चालतं. त्यातून काय काय उरतं, ते कुठं जातं, आणि मुळात ते कमी कसं करता येईल, हा आजचा विषय. काही जणी म्हणतील, हे तर इंजिनिअरचं काम. प्रकल्प उभा करायचं काम इंजिनिअरचं, हे खरं. पण तो पुष्कळ वेळा गायरानात नाहीतर माळावर उभा राहतो. तिथं शेळ्या आपल्या चरतात, शेणी आपण वेचतो, आणि पावसाळ्यात तिथलं पाणी ज्या ओढ्याला उतरतं, त्या ओढ्यावर धुणं आपण धुतो. म्हणून हा विषय आपलाही आहे.

आधी एक गोष्ट साफ सांगतो. आम्ही प्रकल्पाच्या विरोधात नाही. आपल्या राज्यात मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना 2017 साली सुरू झाली. राळेगणसिद्धीच्या प्रकल्पाचं भूमिपूजन 2018 मध्ये झालं. 2023 मध्ये योजनेचा दुसरा टप्पा आला आणि गावोगावी सब-स्टेशनजवळच्या जमिनींचा शोध सुरू झाला. या योजनेतून शेतीला दिवसा वीज मिळते. रात्री बाराला लाईट येते म्हणून बॅटरी घेऊन दारं धरायला जाणारा माणूस घरी परत येईपर्यंत ज्या बाईला झोप लागत नाही, तिला दिवसाच्या विजेची किंमत वेगळी सांगायला नको. साप-विंचवाची भीती आहे, काही भागांत बिबट्याची आहे. प्रकल्प आम्हाला हवाच आहे. तो येताना घाण ठेवून जाऊ नये, एवढंच म्हणणं आहे.

हे म्हणणं कुठून आलं, ते ऐका. आमच्या शेजारच्या एका गावात प्रकल्पाचं काम संपलं, फीत कापली, पेढे वाटले आणि ठेकेदाराची माणसं निघून गेली. मागं काय राहिलं? ओढ्याच्या काठाला भिजून लगदा झालेला पुठ्ठ्याचा ढीग. बाभळींना लटकलेलं पातळ प्लास्टिक. सिमेंटच्या फाटक्या गोण्या आणि काँक्रीटचे वाळलेले गोळे. ग्रामपंचायतीनं ठेकेदाराला फोन केला तर तो म्हणाला, "आमचं काम संपलं, कंपनीला विचारा." कंपनीचा माणूस म्हणाला, "ते ठेकेदाराकडे होतं." शेवटी ते कोणी उचललं? त्या गावातल्या बचत गटाच्या बायकांनी. स्वच्छता मोहीम म्हणून. दोन दिवस, आपली शेतातली मजुरी बुडवून, फुकट. फोटो मात्र छान निघाले.

तेव्हाच आमच्या ग्रामसंघाच्या बैठकीत बोलणं झालं. एक मावशी म्हणाल्या, "अर्धलीनं शेत लावायचं तर वाटा पेरणीआधी ठरतो. खळ्यावर ठरवायला गेलं की भांडणच." तेच इथं आहे. कचऱ्याचं बोलणं काम सुरू होण्याआधी करायचं. काम संपल्यावर बोलायला समोर माणूसच उरत नाही.

आता हा कचरा असतो तरी किती? त्यासाठी साधा हिशोब करू. हल्लीचं एक मोठं पॅनेल साधारण 540 वॉटचं असतं. एक मेगावॉट म्हणजे 10 लाख वॉट. म्हणजे एका मेगावॉटला किमान 1,850 पॅनेल लागतात. गावपातळीचा प्रकल्प केवढा असतो? छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातला धोंदलगावचा प्रकल्प 3 मेगावॉटचा आहे. तेवढ्या आकाराच्या प्रकल्पाला साडेपाच हजारांच्या वर पॅनेल लागतात. ही पॅनेल खोक्यांत येतात. एका खोक्यात सुमारे 31 पॅनेल, म्हणजे जवळपास 180 खोकी. प्रत्येक खोक्याखाली एक लाकडी पॅलेट, भोवती जाड पुठ्ठा, त्यावर प्लास्टिकची पातळ फिल्म, आवळायला प्लास्टिकच्या पट्ट्या आणि कोपऱ्यांना प्लास्टिकचे तुकडे. 180 पॅलेट एकावर एक रचून बघा मनात. ही झाली फक्त पॅनेलची वेष्टणं. त्याशिवाय केबलचे लाकडी ड्रम, नट-बोल्टच्या पिशव्या, सिमेंटच्या गोण्या, रंगाचे आणि ऑइलचे डबे, लोखंडाचे तुकडे, केबलचे तुकडे, खड्ड्यांतून निघालेला मुरूम आणि उरलेलं काँक्रीट.

यातलं बरंचसं मुळात टाळता येतं. बचत गटाची सवयच आहे ना, आधी खर्च कमी करायचा आणि मग बचत मोजायची. तसंच इथं. आधी कचरा कमी करायचा, मग उरलेल्याचं काय करायचं ते बघायचं.

पहिलं काँक्रीट. पॅनेल ज्या खांबांवर बसतात, त्यांच्यासाठी शेकडो खड्डे घेतात आणि त्यात काँक्रीट भरतात. समजा खड्डा 30 सेंटिमीटर रुंद आणि दीड मीटर खोल ठरलाय. मशीन नीट धरलं नाही, कडा ढासळली आणि खड्डा 35 सेंटिमीटरचा झाला. फक्त 5 सेंटिमीटरचा फरक, पण काँक्रीट एक तृतीयांशाहून जास्त लागतं. एका खड्ड्याचं सोडा, शेकडो खड्ड्यांचं धरा. सिमेंट, वाळू, पाणी सगळं वाया. आमच्या भागात टँकरचं पाणी प्यायला पुरत नाही, तिथं हे पाणी कुठलं वाया घालवायचं? म्हणून खड्डे घेतल्यावर ते फार दिवस उघडे ठेवू नयेत, आणि रोज जेवढे खड्डे भरायचे तेवढंच काँक्रीट कालवावं. काही ठिकाणची जमीन अशी असते, की तिथं खांब थेट ठोकून बसवता येतात, काँक्रीट लागतच नाही. आपल्या जमिनीत ते जमेल का, हे इंजिनिअरला विचारायला काही पैसे पडत नाहीत.

तरी काँक्रीट उरतंच. ते ओलं असताना माळावर ओतून देतात, आणि मिक्सर धुतलेलं पाणी ओढ्यात सोडतात. सिमेंटचं पाणी चुन्यासारखं तिखट असतं. हाताला लागलं तर कातडी सोलते, ओढ्यात गेलं तर मासे मरतात. मिक्सर धुवायला ओढ्यापासून लांब एक खड्डा खणून त्यात जाड ताडपत्री अंथरली, की गाळ खाली बसतो आणि वाळल्यावर उचलता येतो. उरलेल्या काँक्रीटचे ठोकळे पाडून ठेवले, तर हातपंपाच्या कडेला, नाहीतर जनावरांच्या पाणवठ्याजवळ चिखल होतो तिथं बसवता येतात. म्हणून कुठं काय बसवायचं, ती जागा गावानं आधीच हेरून ठेवावी.

दुसरं लोखंड आणि केबल. खांब आणि पट्ट्या मोजून, कारखान्यातूनच कापून आणल्या, तर जागेवर तुकडे कमी पडतात. जागेवर कापलं की जस्ताचा मुलामा उडतो, तिथं गंज धरतो, आणि लोखंडाचे धारदार तुकडे गवतात पडून राहतात. अनवाणी पायाला आणि शेळीच्या खुराला ते दिसत नाहीत. केबलचंही तसंच. कोणत्या ओळीला किती मीटर, याची यादी आधी केली तर ड्रमच्या शेवटाला हातभर तुकडे उरत नाहीत.

तिसरी माती. हिला कोणी कचरा म्हणत नाही, म्हणून तिचं नुकसान दिसत नाही. जेसीबीनं सगळा माळ सपाट केला, की वरची वीतभर कसदार माती खालच्या मुरमात मिसळते आणि पहिल्या वळवाच्या पावसात ओढ्यात वाहून जाते. मग तिथं गवत येत नाही, धूळ उडते, ती पॅनेलवर बसते आणि पॅनेल पुन्हा पुन्हा धुवायला पाणी लागतं. जमिनीचा उतार आहे तसा ठेवून खांबांची उंची कमी-जास्त करता येते. जिथं खोदायचंच आहे, तिथं वरची माती वेगळी ढीग करून ठेवावी आणि काम झाल्यावर परत पसरावी. हे काम आपल्याला नवीन नाही. विहीर खणताना आपण वरची माती शेतात आणि मुरूम बांधावर टाकतोच.

चौथी वेष्टणं. इथं सगळ्यात मोठा उपाय ट्रकमध्ये आहे. पॅनेल घेऊन आलेला ट्रक रिकामा परत जातो. त्यातच चांगले पॅलेट आणि केबलचे ड्रम परत पाठवावेत, असं खरेदी करतानाच ठरवता येतं. एका दिवसात जेवढी पॅनेल बसणार, तेवढीच खोकी उघडावीत. सगळी एकदम उघडली, की वाऱ्यानं फिल्म शिवारभर होते, पुठ्ठा पावसात भिजतो आणि भिजलेल्या पुठ्ठ्याला भंगारवाला हात लावत नाही. शिवाय उघडी पॅनेल फुटतात. खोकं 900 किलोच्या आसपासचं असतं. उंचसखल जागेवर ठेवलं की कलंडतं आणि आतली काच जाते. फुटलेलं पॅनेल हा सगळ्यात महाग आणि सगळ्यात अवघड कचरा.

आता हे सगळं ठेकेदारानं ऐकायचं कसं? इथं आपली ग्रामसभा कामाला येते. बांधकामाच्या कचऱ्याचे नियम 2016 सालापासून आहेत. ज्याचा कचरा, त्यानं तो गोळा करायचा, वेगवेगळा करायचा, रस्त्यावर किंवा गटारात टाकायचा नाही, हे त्यात आहे. एका दिवसात 20 टन किंवा एका प्रकल्पातून महिन्याला 300 टन कचरा निघत असेल, तर काम सुरू करण्याआधी कचऱ्याचा आराखडा मंजूर करून घ्यायचा, असंही त्यात होतं. 2025 मध्ये नवे नियम जाहीर झाले, ते 1 एप्रिल 2026 पासूनचे. आपला प्रकल्प छोटा असेल, तरी "ज्याचा कचरा त्याची जबाबदारी" हे तत्त्व छोट्यालाही तेवढंच लागू होतं. आणि कचरा उघड्यावर जाळायला तर बंदीच आहे.

ग्रामसभेआधी महिला सभा घ्यायची, हे आपल्या ग्रामपंचायत कायद्यातच आहे. आमच्या गावात प्रकल्पाची चर्चा सुरू झाली, तेव्हा आम्ही हा विषय महिला सभेत मांडला. तिथं शेळ्या राखणाऱ्या बायका सगळ्यात जास्त बोलल्या. कुठल्या वाटेनं जनावरं जातात, पाणी कुठं साचतं, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक? तिथून ठराव ग्रामसभेत गेला.

ग्रामसभेत विरोधही झाला. "एवढ्या अटी घातल्या तर प्रकल्प दुसऱ्या गावाला जाईल," असं काही जण म्हणाले. भीती खोटी नव्हती. दिवसाची वीज सगळ्यांनाच हवी होती. आणि गायरान सरकारच्या नावावर असतं, त्या जमिनीचा निर्णय वरून होतो, हेही आम्हाला माहीत होतं. पण ठेकेदाराला गावातून मजूर लागतात, राहायला जागा लागते, पाणी लागतं, गावाचा रस्ता लागतो. बोलायला एवढं पुरेसं आहे. आम्ही सांगितलं, आम्ही काम अडवत नाही, काम संपल्यावर जागा जशी होती तशी द्या एवढंच लिहून मागतोय. ज्याला साफ करून जायचंच आहे, त्याला लिहून द्यायला काय अडचण? यावर फारसं कोणी बोललं नाही. सरपंचताईंनी ठराव वाचला आणि हात वर झाले.

आता पैशाचं आणि कष्टाचं बोलू, कारण तिथंच बायकांची फसवणूक होते. कचरा वेगळा करणं हे काम आहे. त्याला मजुरी लागते. ठेकेदार म्हणतो, "भंगार तुमचंच, विका आणि पैसे घ्या." ऐकायला गोड लागतं. पण लोखंडाचे आणि केबलचे तुकडे, ज्यांना भाव आहे, ते त्याचा मुकादम आधीच विकतो. आपल्या वाट्याला येतो ओला पुठ्ठा आणि मळलेली फिल्म. म्हणून मजुरी वेगळी आणि मालाचे पैसे वेगळे, हे आधी लिहून घ्यायचं. माल वजनकाट्यावर मोजायचा, पावती घ्यायची, गटाच्या वहीत त्याच दिवशी लिहायचं. प्लास्टिकच्या फिल्मचे पैसे ती कोरडी आणि स्वच्छ असेल तरच मिळतात. खोकं उघडलं की लगेच फिल्म एका गोणीत, पट्ट्या दुसऱ्या गोणीत, पुठ्ठा आडोशाला. दुसऱ्या दिवशी वेचायला गेलं तर मेहनत चौपट आणि पैसे निम्मे.

याबद्दल आमच्या गटात एक वादही झाला. एक मैत्रीण म्हणाली, "कचरा कमी झाला तर आपली कमाईही कमी होईल. मग आपणच कमी करा म्हणून का सांगायचं?" प्रश्न चोख होता. आम्ही त्यावर पुष्कळ बोललो. बांधकामाचा कचरा काही महिने असतो, प्रकल्प 25 वर्षं असतो. पॅनेल धुणं, गवत कापणं, कुंपणाची देखभाल ही कामं वर्षानुवर्षांची आहेत. मागायचं तर ते काम मागायचं. आणि माळ स्वच्छ राहिला तर शेळीचं दूध आणि करडांचे पैसे चालू राहतात, ते तर आपल्या हक्काचे आहेतच. भंगाराच्या गोणीसाठी चराईचं रान गमवायचं नाही, यावर सगळ्यांचं एकमत झालं.

काही गोष्टींना मात्र आपण हात लावायचा नाही. फुटलेलं पॅनेल कधीच उचलायचं नाही. काच तडकली तरी ऊन पडलं की त्यात वीज तयार होतेच, आणि शॉक बसू शकतो. त्याचा टेबल करायचा नाही, गोठ्यावर पत्र्यासारखं टाकायचं नाही. 2022 च्या ई-कचरा नियमांत सौर पॅनेल आहेत. पॅनेल तयार करणाऱ्या आणि विकणाऱ्या कंपन्यांनी आपली टाकाऊ पॅनेल सरकारी सूचनांप्रमाणे जपून ठेवायची आहेत. म्हणजे फुटक्या पॅनेललाही धनी आहे. ते त्यांच्याकडेच जायला हवं. ऑइलचे आणि रंगाचे डबे धुऊन पाणी भरायला आणायचे नाहीत, ते कितीही मजबूत दिसले तरी. केबल जाळून तांबं काढायचं नाही, तो धूर छातीत बसतो.

आणि पॅलेटचं लाकूड. ते दिसलं की आपल्याला आधी चूल आठवते. पण थांबा. परदेशातून माल घेऊन आलेल्या पॅलेटवर शिक्का असतो. त्यात इंग्रजी "एच टी" अक्षरं असतील, तर ते लाकूड उष्णता देऊन कीडमुक्त केलेलं असतं. "एम बी" असेल, तर त्याला विषारी वायूची धुरी दिलेली असते. शिवाय प्लायवूडमध्ये डिंकासारखी रसायनं असतात, काही पॅलेट रंगवलेले असतात. म्हणून शिक्का न बघता चुलीत काही घालू नका. शिक्का कळत नसेल तर शाळेतल्या पोरीला वाचायला सांगा. चांगल्या पॅलेटचा उपयोग चुलीपेक्षा मोठा आहे. कडब्याच्या पेंढ्या आणि खताच्या गोण्या ओलीपासून वर ठेवायला ते फार कामी येतात. शेळ्यांच्या गोठ्यात उंच माचा केला, तर पावसाळ्यात खुरं कोरडी राहतात. "एम बी"चा शिक्का असलेला मात्र कशालाच नको, तो परत पाठवावा.

आता वही घ्या आणि लिहा. तुमच्या गावात प्रकल्प येणार असेल, तर ठरावात एवढं असावं. कचरा साठवायची जागा ओढ्यापासून आणि चराईच्या वाटेपासून लांब, कुंपण घालून. काँक्रीट एकीकडे, माती एकीकडे, लोखंड-लाकूड-प्लास्टिक एकीकडे, विटा आणि मसाला एकीकडे. काही जाळायचं नाही, काही पुरायचं नाही. जबाबदारी ठेकेदाराची, त्याच्या उपठेकेदारांसह, कारण तारेची लाईन ओढणारा वेगळा असतो, कुंपण घालणारा वेगळा, आणि प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. मजुरांसाठी संडास आणि कचऱ्याचे डबे. कचऱ्याबद्दल बोलायला कंपनीचा एक माणूस आणि गावाच्या दोन बायका, नावानिशी. आणि सगळ्यात महत्त्वाचं, जागा साफ करून दिल्याचा ग्रामपंचायतीचा दाखला मिळाल्याशिवाय ठेकेदाराचं शेवटचं बिल निघणार नाही, हे कंपनीकडून लेखी. बिल अडकलं की फोन उचलला जातो, हा सगळ्यांचा अनुभव आहे.

काम सुरू होण्याआधी त्या जागेचे फोटो काढून ठेवा, तारखेसह. ओढा, चराईची वाट, झाडं, पाणवठा. काम संपल्यावर त्याच ठिकाणी उभं राहून पुन्हा काढा. "आधीपासूनच असं होतं," असं मग कोणी म्हणू शकत नाही.

26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर, या ग्रामसभेच्या तारखा आपल्याला पाठ आहेत. यातली जी पुढची असेल, तिच्या आधीच्या महिला सभेत हा विषय घ्या. प्रकल्प अजून कागदावर असेल तर फारच बरं, कारण ठरवायला तीच वेळ चांगली. ठरावाची एक प्रत ग्रामपंचायतीत, एक कंपनीकडे आणि एक आपल्या ग्रामसंघाच्या फाईलमध्ये राहू द्या.